नामेकवरची उरलेली इच्छा : दोन ड्रॅगन आणि एका वाक्याचा मसुदा

अकिरा तोरियामाच्या ‘ड्रॅगन बॉल’ या मांगाची, म्हणजे जपानी चित्रकथेची, 519 प्रकरणं 1984 ते 1995 या काळात प्रसिद्ध झाली. या एवढ्या मोठ्या पसाऱ्यात सात जादूचे गोळे जमवून इच्छा पुरवणाऱ्या ड्रॅगनला अनेकदा बोलावलं जातं. आकाश काळं होतं, वीज कडाडते, तो प्रचंड देह वर उभा राहतो आणि काय हवं ते माग म्हणतो. आणि तरीही त्या ड्रॅगनने एकाही खलनायकाचा जीव घेतलेला नाही. मारामारी शेवटी माणसांनाच करावी लागते.

ज्याला सगळे सर्वशक्तिमान म्हणतात, त्याच्या शक्तीला कुंपण आहे. ते कुंपण नेमकं कुठून कुठवर जातं हे माहीत असलेला एकच जण नामेक ग्रहाच्या प्रसंगात होता, आणि तो रणांगणावर नव्हताच. तो परलोकात, आपल्या चिमुकल्या ग्रहावर बसून एक वाक्य जुळवत होता. त्याचं नाव किंग काई. ग्रहामागून ग्रह बळकावणाऱ्या जुलमी फ्रिझाविरुद्धची लढाई म्हटलं की चाहत्यांना आठवतो तो सोनेरी केसांचा नायक गोकू, पहिल्यांदा सुपर सायन झालेला, म्हणजे सायन या लढाऊ जमातीच्या बलाढ्य रूपात गेलेला. मला मात्र त्या लढाईत सगळ्यात भारी वाटतं ते हे वाक्य. हा प्रकरण अभ्यास त्याच वाक्याचा.

ड्रॅगन दोन, नियम वेगवेगळे

पृथ्वीचा ड्रॅगन शेनरॉन. त्याचे गोळे पृथ्वीचा रक्षक देव कामी याने घडवले, आणि कामी मुळात लहानपणी पृथ्वीवर येऊन पडलेला नामेकी. शेनरॉन त्या काळात एका वेळी एकच इच्छा पुरवतो, मग गोळे दगड होऊन विखुरतात आणि वर्षभर निरुपयोगी राहतात. त्याची मोठी ताकद अशी की एका इच्छेत तो हवी तेवढी माणसं जिवंत करू शकतो. मोठी उणीव अशी की एकदा त्याने उठवलेला माणूस पुन्हा मेला, तर त्याला तो दुसऱ्यांदा उठवू शकत नाही. वयाने आलेल्या मरणापुढेही त्याचं काही चालत नाही.

नामेकचा ड्रॅगन पोरुंगा. हा दिसायलाच वेगळा, कमरेच्या वर पैलवानासारखा. गोळेही मोठे, हातात मावणार नाहीत एवढे. हा तीन इच्छा देतो आणि त्याचे गोळे 130 दिवसांत पुन्हा जागे होतात, कारण नामेकचं वर्षच तेवढं. एकाच माणसाला कितीही वेळा उठवायला त्याची ना नाही. पण त्या काळी एका इच्छेत एकच माणूस. शिवाय त्याला बोलवायलाही नामेकी भाषेतला मंत्र लागतो आणि मागणंही नामेकी भाषेतच मागावं लागतं. फ्रिझाने खून पाडत पाडत सातही गोळे गोळा केले होते, तरी त्याच्यासमोर ड्रॅगन उगवला नाही तो यामुळेच.

दोघांना लागू असलेला नियम एक. गोळे ज्याने घडवले त्याचा जीव गेला की ड्रॅगन संपला, आणि घडवणाऱ्याच्या शक्तीबाहेरचं काही ड्रॅगन करू शकत नाही. पृथ्वीच्या बाबतीत यात आणखी एक गाठ होती. कामी आणि पिकोलो हे मुळात एकाच जिवाचे दोन तुकडे. एक मेला की दुसराही जातो. नापा या सायनाच्या हल्ल्यात गोकूचा मुलगा गोहान याला वाचवताना पिकोलो मेला, कामी गेला, आणि शेनरॉनही गेला. मेलेल्या मित्रांना परत आणायचं तर आता कामीच्या मूळ ग्रहावर जाणं भाग होतं. गोहान आणि गोकूचे मित्र क्रिलिन आणि बुल्मा नामेकला निघाले ते त्यासाठी.

या दोन नियमावल्या शेजारी ठेवून पाहिल्या की एक गोष्ट दिसते. एकाचं जे अडतं ते दुसऱ्याला जमतं. शेनरॉन घाऊक उठवतो पण एकदाच, पोरुंगा किरकोळीत उठवतो पण कितीही वेळा. लेखकाने हे आधीपासून योजलं होतं की गरज पडेल तसं रचत गेला, यावर चाहते वाद घालतात. मला त्यात फारसा रस नाही. नियम एकदा सांगितल्यावर त्याने ते पाळले, एवढं पुरे.

आधीच्या दोन इच्छा

किंग काईचं वाक्य समजायला त्याआधीच्या दोन इच्छा पाहाव्या लागतात, कारण त्यांतली एक ढिसाळ होती.

नामेकला तीन सूर्य आहेत, तिथे रात्र होत नाही. फ्रिझाच्या यानाजवळ पुरलेले गोळे उकरून गोहान, क्रिलिन आणि लहानगा नामेकी डेंडे यांनी पोरुंगाला बोलावलं, तेव्हा सायनांचा राजपुत्र व्हेजिटा यानात झोपला होता. जागा होऊन बघतो तो बाहेर अंधार. ज्या ग्रहावर रात्रच नाही तिथे अंधार पडला म्हणजे काय झालं, हे त्याला लगेच उमगलं. दूर असलेल्या फ्रिझालाही ते कळलं. पोरांच्या हातात वेळ उरला तो एवढाच, कुणीतरी येऊन पोहोचेपर्यंतचा.

त्यांनी पहिल्यांदा मागितलं ते साहजिकच होतं : सायनांनी मारलेल्या सगळ्यांना जिवंत कर. पोरुंगाने नकार दिला, एका वेळी एकच. आता एक कोण? तेवढ्यात परलोकातून किंग काईमार्फत पिकोलोचा आवाज गोहानला ऐकू आला. मला एकट्याला उठवा, म्हणजे कामी उठेल, म्हणजे पृथ्वीचे गोळे परत येतील, आणि बाकीच्यांना त्या गोळ्यांनी उठवता येईल. आणि दुसऱ्या इच्छेने मला नामेकवर आणा, मला फ्रिझाशी लढायचं आहे.

पहिली इच्छा म्हणजे सोनं. एक माणूस मागितला आणि त्याच्याबरोबर एक देव आणि एक अख्खा ड्रॅगन पदरात पडला.

दुसरी इच्छा मात्र घाईत सुटली. पिकोलोला नामेकवर आण, एवढंच मागितलं गेलं. नामेकवर कुठे, हे कुणी बोललंच नाही. ड्रॅगनने मागितलं तेवढं दिलं. पिकोलो नामेकवर आला खरा, पण या मंडळींपासून लांब, कुठल्यातरी माळरानावर. मसुद्यातली ही चूक अगदी शाळकरी. तिचा परिणाम मात्र उलटा झाला. वाटेत पिकोलोला फ्रिझाच्या हातून अर्धमेला झालेला नामेकी योद्धा नेल भेटला, दोघं एकरूप झाले आणि पिकोलोची ताकद कित्येक पटींनी वाढली. तो नेमक्या जागी उतरला असता, तर नेल त्याला भेटलाच नसता. चुकीला चूकच म्हणायचं, फक्त या वेळी ती पथ्यावर पडली.

तिसऱ्या इच्छेच्या वेळी व्हेजिटा येऊन उभा राहिला आणि त्याने अमरत्व मागायला लावलं. फ्रिझा जवळ येत होता, त्याच्यापेक्षा व्हेजिटा परवडला म्हणून क्रिलिननेही मान डोलावली. डेंडे मागणार तोच गोळे घडवणारा नामेकचा महावृद्ध गुरू मरण पावला. पोरुंगा विरून गेला, गोळे दगड होऊन खाली पडले.

इथे लक्षात ठेवायचं ते हे, की तिसरी इच्छा वापरली गेली नव्हती. ती शिल्लक होती, फक्त द्यायला कुणी नव्हतं.

पेच

त्यानंतर फ्रिझाने डेंडेला मारलं, व्हेजिटाला मारलं, पिकोलोला मरणाच्या दारात पोहोचवलं आणि शेवटी क्रिलिनला आकाशात उचलून फोडलं. गोकू सुपर सायन झाला तो त्या क्षणी. हरायची वेळ आल्यावर फ्रिझाने ग्रहाच्या गाभ्यावर हल्ला चढवला आणि पाच मिनिटांत नामेक फुटणार असं जाहीर केलं. (ॲनिमेत ही पाच मिनिटं इतक्या भागांवर पसरली आहेत की त्यावरचे विनोद अजून थांबलेले नाहीत.)

किंग काईसमोर त्या वेळी काय होतं ते मांडून पाहू. ग्रहावर जिवंत असलेले चौघं मित्र : गोकू, गोहान, बुल्मा आणि बेशुद्ध पिकोलो. फ्रिझाही जिवंत. नामेकी लोक जवळपास सगळे मेलेले. पृथ्वीवर कामी जिवंत, म्हणजे शेनरॉन हाताशी, इच्छा एक. नामेकवर पोरुंगाची एक इच्छा अडकलेली, पण गुरू मेल्यामुळे ती बंद. आणि घड्याळ चालू.

यातला सगळ्यात कच्चा दुवा बेशुद्ध पिकोलो. त्याचा श्वास थांबला असता, तर कामी गेला असता, शेनरॉन गेला असता आणि सगळी योजना तिथेच आटोपली असती. गोकू संतापाने पेटलेला असतानाही त्याने गोहानला पिकोलोला घेऊन यानाकडे पिटाळलं. त्याच्या मनात तेव्हा ड्रॅगनचा हिशेब असेल असं मला वाटत नाही. पण त्या हिशेबातली सगळ्यात मोठी जोखीम त्याने स्वतःच्या नकळत सांभाळली.

वाक्य

किंग काईने कामीला सांगितलं आणि कामीच्या वतीने त्याचा सेवक मिस्टर पोपो याने शेनरॉनकडे मागणं मागितलं : फ्रिझा आणि त्याच्या टोळीने ज्यांना मारलं त्यांना जिवंत कर.

वाक्य साधं आहे, म्हणून त्यातली कारागिरी पटकन दिसत नाही.

आधी हे बघा की त्यात गुरूचं नाव नाही. योजनेला खरा हवा होता तो गुरू, कारण तो उठला की पोरुंगा उठतो आणि अडकलेली इच्छा मोकळी होते. मग थेट ‘गुरूला जिवंत कर’ असं का नाही मागितलं? तो तसा वयाने गेला होता, कुणी त्याच्यावर हात उचलला नव्हता. नैसर्गिक मरण म्हणून शेनरॉनने हात वर केले असते. किंग काईने जुगार खेळला तो इथे. गुरूचं आयुष्य संपत आलं होतं हे खरं, पण आपल्या लेकरांच्या कत्तली जाणवून जाणवून ते आणखी आटलं. म्हणजे त्याच्या मरणाला फ्रिझा कारण झाला. या अर्थाने तोही फ्रिझाने मारलेल्यांत मोडतो का, एवढाच प्रश्न होता. ड्रॅगनने उत्तर दिलं, मोडतो. गुरू उठला. थोड्याच वेळापुरता, पण तेवढा वेळ पुरेसा होता.

दुसरं, ‘आणि त्याच्या टोळीने’ हे शब्द. फ्रिझाने स्वतःच्या हाताने मारले ते थोडे, बरेचसे बळी हाताखालच्यांचे. डेंडेच्या गावचा म्होरक्या मूरी याची मान फ्रिझाचा हस्तक डोडोरिया याने मोडली होती. नुसतं ‘फ्रिझाने मारलेले’ म्हटलं असतं तर मूरी मेलेलाच राहिला असता. पुढे गुरूने जाताना ज्याच्या हाती वारसा सोपवला तो हाच मूरी. म्हणजे हे तीन शब्द गाळले असते तर आजचा दिवस कदाचित निभावला असता, पण पुढचे गोळे कोण सांभाळणार हा प्रश्न उभा राहिला असता.

तिसरं, डेंडे. पोरुंगाशी नामेकीत बोलणारा जिवंत माणूस हवा आणि तो रणांगणाच्या जवळ हवा. डेंडे फ्रिझाच्या हातून मेला होता, त्यामुळे तो याच वाक्यात आपोआप आला. त्याला वेगळं मागावं लागलं नाही.

असा मसुदा याआधीही एकदा वापरला गेला होता. आताच्या पिकोलोचा बाप, दुष्ट पिकोलो डायमाओ याच्या पराभवानंतर त्याने मारलेल्या सगळ्यांना शेनरॉनकडून परत आणलं होतं. मारणाऱ्याच्या नावावरून मेलेल्यांचा गट ठरवायचा ही पद्धत तिथलीच. नावांची यादी करत बसावं लागत नाही आणि कुणी राहून जात नाही. पण त्या जुन्या इच्छेचं एक देणं इथे फेडावं लागलं.

कोण आत, कोण बाहेर

ते देणं म्हणजे क्रिलिन. त्यालाही फ्रिझानेच मारलं, वाक्यात तो अगदी चपखल बसतो. तरी तो उठला नाही. कारण डायमाओच्या टोळीतल्या टॅम्बोरिनने त्याला पूर्वी मारलं होतं आणि शेनरॉनने त्याला तेव्हाच एकदा उठवलं होतं. शब्द कितीही अचूक असले तरी नियमापुढे शब्दांचं चालत नाही. गोकूला हे ठाऊक होतं. क्रिलिन फुटल्यावर त्याचा जो उद्रेक झाला त्यात हेही होतं.

व्हेजिटा मात्र उठला. त्यालाही फ्रिझाने मारलं होतं, आणि मारला गेलेला माणूस सज्जन असला पाहिजे असं वाक्यात कुठेच नव्हतं. गोकूने ज्याला नुकतंच मातीत पुरलं होतं तो माती झटकत बाहेर आला. आता याची दुसरी बाजू बघा. नामेकवरचं एक अख्खं गाव व्हेजिटाने स्वतः कापून काढलं होतं. तोवर तो फ्रिझाशी फारकत घेऊन स्वतःच्या हिशेबाने हिंडत होता, म्हणजे टोळीतला उरला नव्हता. वाक्याचे शब्द जसेच्या तसे धरले, तर त्या गावकऱ्यांना त्यात जागा नाही. मारणारा आत आणि त्याने मारलेले बाहेर. किंग काईने हे मुद्दाम केलं असं कुणी म्हणणार नाही. पाच मिनिटांत सुचलेल्या वाक्यातून काहीतरी निसटणारच. पण निसटलं ते हे, आणि त्यावर पुरेसं बोललं जात नाही असं माझं मत आहे.

बू या खलनायकाच्या प्रकरणात, बऱ्याच नंतर, पोरुंगाकडे अशीच घाऊक मागणी केली गेली तेव्हा ‘अगदी दुष्ट लोक सोडून’ अशी पुस्ती जोडलेली दिसते. मधल्या काळात पोरुंगाचीही कुवत वाढली होती, आता तोही एका इच्छेत अनेकांना उठवू शकत होता. त्याही वेळी मेलेल्यांत व्हेजिटा होता, आणि त्याही वेळी तो उठला. दुष्ट कोण हे ड्रॅगनने ठरवलं आणि यादीत त्याला धरलं नाही. नामेकच्या वाक्यात तो शब्दांच्या फटीतून आला होता, इथे तो तपासणीतून पार झाला. व्हेजिटाचं अख्खं चरित्र या दोन इच्छांमध्ये मावतं.

सोडून द्यायचे कोण

पोरुंगा पुन्हा प्रकट झाला. उरलेली इच्छा ठरली होती : नामेकवरच्या सगळ्यांना पृथ्वीवर पाठव, फ्रिझा सोडून.

हे गोकूच्या कानावर गेलं आणि तो उखडला. मलाही सोडून द्या, म्हणाला. त्याला फ्रिझाला इथेच हरवायचं होतं. किंग काईने समजावून पाहिलं आणि मग मान्य केलं. ‘फ्रिझा सोडून’चं ‘फ्रिझा आणि गोकू सोडून’ झालं. निरोप किंग काईकडून गुरूकडे, गुरूकडून मनोमन डेंडेकडे.

इतक्यात फ्रिझालाही तो ड्रॅगन दिसला. ज्या अमरत्वासाठी त्याने हा ग्रह बेचिराख केला होता ते समोर उभं होतं, तो झेपावला. पण डेंडे आधी बोलला, आणि तो नामेकीत बोलला. क्षणात नामेकी, गोहान, बुल्मा, पिकोलो, सगळे गायब. फुटत्या ग्रहावर दोघंच उरले.

या मालिकेतली ड्रॅगनकडची पहिलीच इच्छा आठवा. पिलाफ हा खलनायक जगाचं राज्य मागणार, एवढ्यात ऊलोंग पुढे घुसून बायकांची चड्डी मागतो आणि जग वाचतं. तिथे चड्डी, इथे एका ग्रहाची लोकसंख्या, पण तत्त्व तेच. ड्रॅगन न्याय करत नाही, आधी नीट बोलेल त्याचं ऐकतो. फ्रिझाकडे विश्वातली सगळ्यात मोठी ताकद होती आणि जे लागत होतं ते एका पोराकडे होतं : भाषा.

‘सगळ्यांना’ हा शब्दही व्हेजिटाला आत घेणाऱ्या वाक्यासारखाच भोळा. फ्रिझाच्या गिन्यू दलाचा कप्तान तोवर बेडकाच्या शरीरात अडकला होता. बेडूक असला तरी नामेकवरचा जिवंत जीवच, आणि अपवादात नाव फक्त दोघांचं. तोही पृथ्वीवर आला. ‘ड्रॅगन बॉल सुपर’ मालिकेत त्याने दुसऱ्याचं शरीर बळकावून जे उपद्व्याप केले, त्यांचं मूळ या ‘सगळ्यांना’मध्ये आहे.

दुसरं काही मागता आलं असतं का

हा प्रश्न नवा प्रेक्षक हमखास विचारतो. फ्रिझाला मार, असं का नाही मागितलं?

कारण ड्रॅगनला ते जमलं नसतं. घडवणाऱ्याच्या शक्तीची मर्यादा पुढे सेल या खलनायकाच्या प्रकरणाच्या शेवटी अगदी स्पष्ट दिसते. क्रिलिन शेनरॉनला सांगतो, अँड्रॉइड 17 आणि 18 यांना पुन्हा माणूस कर. शेनरॉन म्हणतो, जमणार नाही, ते माझ्या ताकदीपलीकडचे आहेत. मग क्रिलिन मागणं बदलतो, त्यांच्या शरीरातले बॉम्ब तेवढे काढ. ते होतं. बलवानाला बदलता येत नाही, पण त्याच्यातली एखादी वस्तू काढता येते.

किंग काईने नामेकवर याच अंगाने विचार केला. फ्रिझाला हात लावायचाच नाही, त्याच्याभोवतीचं सगळं हलवायचं. फ्रिझाला मारणं, बांधणं, दुसरीकडे फेकणं या सगळ्यात ड्रॅगन अडखळला असता आणि तेवढ्यात घड्याळ संपलं असतं. नकाराला लागणारा वेळही पाच मिनिटांत मोजावा लागतो, हे त्याने ओळखलं.

नामेक फुटू देऊ नको, असं मागता आलं असतं का? आलं असतं कदाचित. पण मग फ्रिझा, गोकू आणि ताजे उठलेले शेकडो नामेकी एकाच मैदानात, आणि गोळे दगड. फ्रिझाने त्यांना पुन्हा मारलं असतं तर शेनरॉनचं दार त्यांच्यासाठी कायमचं बंद. एकदाच उठवण्याचा नियम क्रिलिनला नडला तसा सगळ्यांना नडला असता. म्हणून आधी उठवणं आणि लगेच हलवणं, हा क्रम मला योजनेचा कणा वाटतो. नुसतं उठवलं असतं तर तो क्रूरपणा झाला असता.

‘ड्रॅगन बॉल सुपर’मध्ये पुढे सुपर शेनरॉन येतो. त्याचा एकेक गोळा ग्रहाएवढा, 37,196.2204 किलोमीटर व्यासाचा, आणि त्याला खरोखरच कशाची अडचण येत नाही. पुसून टाकलेली विश्वंच्या विश्वं तो एका इच्छेत परत आणतो. अँड्रॉइड 17 ने ती इच्छा मागितली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, हे कबूल. पण त्या प्रसंगावर असा अभ्यास लिहिता येणार नाही. तिथे मागणाऱ्याच्या मनाचा कस लागला, डोक्याचा लागला नाही.

130 दिवसांनी

नामेकी लोक बुल्माच्या घरी उतरले. व्हेजिटाही तिथेच राहिला, जायला जागा नव्हती म्हणून. गुरूने मूरीला वारस नेमलं आणि तो शांतपणे गेला. 130 दिवस भरल्यावर पोरुंगाला पृथ्वीवर बोलावलं गेलं, आणि पहिलाच प्रश्न जागेचा निघाला. क्रिलिन नामेकवर मेला होता. त्याला उठवलं तर तो नामेक जिथे होता तिथे, म्हणजे रिकाम्या अंतराळात उठून पुन्हा मरणार. पिकोलोच्या वेळी ‘कुठे’ हा शब्द गाळून निभावलं होतं, या वेळी तो गाळणं म्हणजे मरण.

यावर तोडगा सुचवला तो व्हेजिटाने. आधी त्याचा आत्मा पृथ्वीवर आणा, मग त्याला उठवा. एका माणसाला दोन इच्छा लागल्या, पण क्रिलिन धडधाकट परत आला.

गोकूलाही असंच आणायचा बेत होता, पण पोरुंगाने सांगितलं की तो जिवंतच आहे. मग तिसरी इच्छा, गोकूला इथे आण. यावर पोरुंगाने कळवलं की त्याला आत्ता यायचं नाही, तो नंतर स्वतःच येईल. कुणाला त्याच्या इच्छेविरुद्ध उचलून आणणं या ड्रॅगनच्या कामात बसत नसावं. किंवा ज्याला आणायचं तो आता फारच बलवान झाला होता. दोन्ही अर्थ निघतात, आणि मला दुसरा जास्त पटतो. शिल्लक राहिलेल्या इच्छेवर मंडळींनी सायनांच्या हल्ल्यात मेलेला मित्र यामचा याला उठवलं. तेव्हाच मेलेल्या तियेन आणि चाओझूला आणखी 130 दिवस थांबावं लागलं.